लाइट फिटिंगची मजुरी वाचवावी का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी वाचकाने नव्या तीन खोल्यांच्या लाइट फिटिंगविषयी विचारले आहे. परवानाधारक ठेकेदाराने साहित्यासह ४२,००० रुपये सांगितले असून त्यात मजुरी १४,००० रुपयांची आहे. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर ते स्वतःच दुरुस्त करतात, तेव्हा घरचे कामही स्वतः करून ही रक्कम खरिपाच्या बियाण्याला लावावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे मत : संपूर्ण काम स्वतः करू नये. बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलायला घरमालकाला मुभा आहे, मात्र नवी वायरिंग परवानाधारकानेच करावी असा नियम आहे. शिवाय नव्या मीटरसाठी महावितरणला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा सहीचा दाखला) लागतो, आणि आपण केलेल्या कामावर तो सही देणार नाही किंवा त्या सहीचेच पैसे मागेल. म्हणजे १४,००० रुपये पूर्ण वाचणारच नाहीत.

भिंतीला झिरी मारणे, पाइप आणि बॉक्स बसवणे, अर्थिंगचा खड्डा खोदणे ही अंगमेहनत मात्र ठेकेदाराच्या आखणीनुसार आपण करावी आणि तेवढी मजुरी आधीच ठरवून कमी करून घ्यावी.

अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांवर एक रुपयाही वाचवू नये. आपल्याकडे उन्हाळाभर लोखंडी कूलर चालतो, त्यात पाणी आणि पंप असतो, आणि घरातली माणसे ओल्या हाताने त्याला लागतात. सोळा अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे जादा भार आल्यावर पडणाऱ्या स्विचला, अर्ध्या अँपिअरची गळती कळतच नाही. एमसीबी असते ती वायर जळू नये म्हणून. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, म्हणून नेमक्या कूलरच्या दिवसांत अर्थिंग कमजोर पडते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते, याला खर्च काहीच नाही.

बियाण्यासाठी रोकड हवी असेल तर खर्च कापण्यापेक्षा पुढे ढकलावा. वायर, अर्थिंग आणि मुख्य बोर्ड आता पूर्ण करावा. शोभेचे दिवे, जादा पंखे आणि तिसऱ्या खोलीतले पॉइंट कापूस विकल्यावर घ्यावेत, पण त्यांचे पाइप आताच टाकून ठेवावेत. फिटिंगसाठी सावकाराकडे जाऊ नये. ठेकेदाराला मजुरी तीन हप्त्यांत द्यावी आणि शेवटचा हप्ता टेस्ट रिपोर्ट हातात आल्यावरच.