टॉवरची धास्ती, पुडीची नाही

अमळनेरहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४४, सरकीचा व्यापार, दोन मुलं. लिहितात: 'शेजारच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला. बायको म्हणते, भाडं त्यांना अन् किरणं आपल्याला. ३२ लाखांचं घर एक जण २६ लाखांत मागतोय. विकू का? कॅन्सरची पॉलिसी तेवढी घेऊन ठेवलीय. वर्षाला ४८ हजार, १५ वर्षांनी १० लाख परत. एजंट नात्यातलेच. मी मळलेली तंबाखू खात खातच त्यांनी फॉर्म भरला, मी सह्या केल्या. पॉलिसी हातात येऊन १९ दिवस झाले.'

घर विकू नका. ६ लाख इथे सोडणार, नवं घर ३० लाखांचं घेतलंत तर मुद्रांक आणि नोंदणीचे दोन लाख वर. आठ लाख गेले, आणि नव्या गल्लीत टॉवर येणार नाही याची हमी कोण देणार? त्यापेक्षा दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर चार हजार अधिक जीएसटी भरा, माणसं येऊन घरात किरणोत्सर्ग मोजून देतात. आपल्याकडची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. अँटेनाचा झोत आडवा, दूरवर जातो आणि अंतर वाढलं की झपाट्याने क्षीण होतो. कानाला लावलेला स्वतःचा फोन सहसा जास्त देतो, रेंज कमी असली की आणखी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी '२-बी' गटात टाकल्या, म्हणजे 'कदाचित', पुरावा तोकडा. खायची तंबाखू त्याच संस्थेच्या पहिल्या गटात आहे. तिथे 'कदाचित' नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. त्या फॉर्मवर 'तंबाखू सेवन?' हा प्रश्न असतोच. एजंटसाहेबांनी तिथे काय लिहिलं असेल, ते तोंडात तुमचीच तंबाखू धरून लिहिलंय! 'नाही' असेल आणि उद्या तोंडाचाच कॅन्सर निघाला, तर हॉस्पिटलच्या केसपेपरवर पहिल्या ओळीत तंबाखू येणार. सही तुमची, एजंटची नाही. दावा फेटाळायला कंपनीला आणखी काय हवं?

बरं, 'परत' म्हणून मिरवलेले १० लाख? भरणार ७ लाख २० हजार, म्हणजे परतावा जेमतेम चार टक्के. पोस्टातसुद्धा यापेक्षा बरं मिळतं. आणि आजारपणाचं म्हणाल तर ही पॉलिसी कॅन्सर सोडून कशालाच नाही. डेंग्यू, अपघात, हृदयविकार, सगळं खिशातून. कुटुंबाचा आरोग्य विमा आहे, असं पत्रात कुठेच नाही.

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. तुमचे ११च उरलेत, त्यातले टपालात किती गेले देव जाणे. एजंटला फोन करू नका, समजूत घालायला चहाला येतील. थेट शाखेत जा, लेखी अर्ज द्या, तारखेची पोच घ्या. मग चौघांचा १० लाखांचा आरोग्य विमा घ्या, तंबाखू स्पष्ट लिहून. हप्ता थोडा चढेल, चढू दे. फॉर्म या वेळी स्वतः भरा.

आणि मोजणीवाले येण्याआधी सरकारी दवाखान्यात जाऊन तोंड दाखवून या. तिशीपुढच्यांची ती तपासणी तिथे फुकट होते.