अलार्म ‘ऑफ’ झाला म्हणजे वाजला की थांबला?

प्रश्न : ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला, पण ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. असे उलटे अर्थ कसे?

उत्तर : दोन्ही अर्थ बरोबर आहेत. ‘ऑफ म्हणजे बंद’ हे आपण विजेच्या बटणावरून शिकतो आणि तिथेच फसतो. या शब्दाचा मूळ अर्थ ‘पासून दूर, अलग’. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘सुटणे’. गाडी सुटते, गोळी सुटते, शाळाही सुटते. त्यातलं काही सुरू होतं, काही संपतं, आणि आपण कधी गोंधळत नाही.

अलार्म, सायरन, बंदूक, बॉम्ब या अडवून धरलेल्या गोष्टी. अडसर सुटला की त्या वाजतात किंवा उडतात. दिवे, पंखा, हीटर आधीपासून चालू असतात. त्यांचा वीजपुरवठा सुटतो, म्हणून ते बंद. तेव्हा ‘गो ऑफ’ दिसलं की आधी कर्ता पाहा. कर्ता दूध असेल तर ते नासलं. हा वापर मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला.

अलार्म थांबवला हे सांगायला ‘आय टर्न्ड इट ऑफ’ म्हणा. ‘टर्न्ड ऑफ इट’ चूक आहे. नाम असेल तर ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतात; ‘इट’, ‘देम’सारखी सर्वनामं मात्र मध्येच बसतात.

आणखी एक जोडी जपून वापरा. बैठक ‘पुट ऑफ’ केली म्हणजे पुढे ढकलली, ‘कॉल ऑफ’ केली म्हणजे रद्दच. यात गफलत झाली तर लोक नव्या तारखेची वाट पाहत बसतात.

प्रश्न : एक ‘एफ’चा ‘of’ आणि दोन ‘एफ’चा ‘off’ यांत उच्चाराचा फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि तो पाळायलाच हवा. एक ‘एफ’चा शब्द ‘अव्ह’ असा, बहुधा ओझरता उच्चारतात. दोन ‘एफ’चा स्पष्ट ‘ऑफ’. मुळात हा एकच शब्द. जोर देऊन उच्चारलेलं रूप हळूहळू वेगळं झालं आणि साधारण 17व्या शतकात दोघांची स्पेलिंगं कायमची फुटली. अर्थ किती बदलतो पाहा : मूळ किंमत 100 असेल, तर ‘टेन पर्सेंट अव्ह द प्राइस’ म्हणजे 10, आणि ‘टेन पर्सेंट ऑफ द प्राइस’ म्हणजे 10ची सूट, द्यायचे 90.