पहिल्या अंकापासून नको

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि सोबतची ती लांबलचक यादी, दोन्ही पाहिलं. एक्स-मेन या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचे अंक कथेतल्या काळाप्रमाणे लावून वाचायचे, असा तिचा बेत दिसतो. बनवणाऱ्याच्या चिकाटीला नमस्कार, पण ती सगळं वाचून झालेल्यांसाठी आहे.

१९६३ च्या पहिल्या अंकापासून सुरुवात केलीस आणि नवव्या अंकाला जांभया यायला लागल्या म्हणतोस. येणारच. तेव्हाही खप बेताचाच होता. १९७० ते १९७५ या काळात, ६७ ते ९३ या अंकांत, नवी गोष्टच नाही. जुन्याच पुन्हा छापल्यात. ते सगळं सोड आणि १९७५ च्या ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ला हात घाल. स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलॉसस तिथे येतात. आधी हल्कच्या अंकात दिसलेला वुल्व्हरिनही येऊन मिळतो. मग थेट अंक ९४. तिथून ख्रिस क्लेअरमाँटने लिहायला घेतलं ते १९९१ पर्यंत. क्रम लावायचाच तर लेखकाचा लाव, पात्रांच्या वयाचा नको.

आम्ही इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ कुठूनही उचलायचो, गोष्ट बहुधा त्याच अंकात आटपायची. क्लेअरमाँटचं तसं नाही. पहिल्या चमूतली जीन ग्रे अंक १०१ मध्ये फीनिक्स या अफाट शक्तीच्या रूपात येते, १९७६ साली, आणि त्याचा हिशेब चुकता होतो १३७ मध्ये, १९८० साली. चार वर्षं हा बाबा पाण्यात गरी टाकून बसलाय. फक्त १२९ ते १३७ वाचणारे पुष्कळ भेटतील. गोष्ट त्यांना कळते, पण पोटात कालवत नाही.

तरी क्रमाचा बाऊही करू नकोस. १९८४ मध्ये मी बोटीवर इंजिनरूमला होतो. आधीच्या कुणीतरी केबिनमध्ये खोका सोडलेला: ११२ पासूनचे अंक, मधले दोन-तीन गायब, एकाचं कव्हर फाटलेलं, पानांना डिझेलचा वास. तरी काही अडलं नाही. आपल्या दशावतारात राजा रंगमंचावर आला की आधी आपण कोण ते सांगतो ना, तशी ही मंडळी दर अंकात स्वतःची ओळख आणि शक्ती सांगून मोकळी होतात. खोका १३६ ला संपला. १३७ मला पुढे कैक वर्षांनी मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मिळाला. तोवर मी मनातल्या मनात चार वेगवेगळे शेवट लिहून ठेवले होते, चारही चुकले.

तुझ्या यादीतली एक खोड सांगतो. १९८६ पासून ‘क्लासिक एक्स-मेन’मध्ये जुने अंक पुन्हा छापताना मागे नव्या छोट्या गोष्टी जोडल्या. यादीवाले त्या उचलून १९७५-७६ च्या अंकांमध्ये घुसवतात. वाचताना लय तुटते. जॉन बोल्टनची चित्रं सुरेख आहेत, पण त्या मागाहून वाच. आणि काळानेच लावायचं तर १४१-१४२ चं काय करशील? छापलेत १९८१ मध्ये, अर्धी गोष्ट घडते २०१३ मध्ये. कापून दोन ठिकाणी चिकटवणार?

२०९ पर्यंत हे एकच मासिक बहुतेक पुरतं. २१० ला ‘म्युटंट मॅसेकर’ सुरू होतं आणि गोष्ट एक्स-फॅक्टर, न्यू म्युटंट्स या जोडमासिकांत, अगदी थॉरच्याही अंकांत शिरते. तिथे मात्र यादी जवळ ठेव, तिथे तिचा उपयोग आहे. कंटाळलास तर सरळ उडी मारून २०१९ चे ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’ घे. सहा-सहा अंक, पण एक संपवून दुसरं नाही. ज्या क्रमाने बाजारात आले तसे मिसळूनच वाच.

अंक आधीच टॅबवर उतरवून ठेव. पावसात वीज आणि रेंज दोन्ही एकदमच जातात, हे रत्नागिरीच्या हॉस्टेलवर राहणाऱ्या तुला मी काय सांगायचं.

चवथीला वेंगुर्ल्याला येशील तोवर १३७ झालेला असू दे. मात्र तोवर फोनवर शेवटाबद्दल एक अक्षर नको. समोर बसूनच बोलू. काकू घावणे करून घालेल.

तुझा,
काका