बायसनच्या कळपाचे निर्णय बाजारभावाच्या आकड्यांवरून घेता येतात का?

आपण अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात मित्रासोबत भागीदारीत कुरण घेतले आहे, त्यावर सध्या चाळीस बायसन (गव्यासारखी दिसणारी, मांसासाठी पाळली जाणारी अमेरिकी जनावरे) आहेत, आणि या शरदात आईपासून तोडलेल्या कालवडी विकाव्यात की कळप वाढवण्यासाठी ठेवाव्यात, हे सरकारी बाजारभावांच्या तक्त्यांवरून ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी गेली अकरा वर्षे याच राज्याच्या पश्चिम भागातील दोन बायसन रँचचे हिशेब पाहतो, त्यामुळे या प्रश्नाशी माझा दरवर्षीच संबंध येतो. ठरवता येते, असे माझे उत्तर आहे. मात्र बाजारातील प्रत्येक आकडा एका ठराविक प्रश्नाचेच उत्तर देतो, आणि आजचा भाव पाहून कालवडीचा निर्णय घेणे ही या व्यवसायातील सर्वांत महागडी चूक आहे.

प्रथम हा बाजार किती लहान आहे हे लक्षात घ्यावे. २०१७ च्या अमेरिकी कृषी गणनेत १,७७५ खाजगी रँच आणि शेतांवर मिळून १,८३,७८० बायसन नोंदले गेले. वर्षभरात या देशात जितके बायसन कापले जातात, त्यांहून जास्त गोवंशाची जनावरे एका दिवसात कापली जातात. गोमांसाच्या बाजारात मोठ्या कत्तलखान्यांना भाव कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. बायसन त्या कायद्यात येत नाही, म्हणून कृषी खात्याचा मासिक बायसन अहवाल प्रक्रिया करणाऱ्या कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेल्या माहितीवर उभा असतो. शिकागोच्या वायदेबाजारात गाईगुरांचे वायदे होतात, बायसनचे होत नाहीत, त्यामुळे पुढील वर्षाचा भाव आज बांधून घेण्याची सोयही आपल्याला नाही. उरलेले बहुतेक व्यवहार दोन रँचमालकांमध्ये खाजगीत ठरतात. मी नगर जिल्ह्यात वाढलो, आणि काष्टीच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून होणारे सौदे लहानपणी पाहिले आहेत. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही बैलजोडी कितीला गेली हे कळत नसे. बायसनच्या बाजाराचा मोठा भाग आजही तसाच रुमालाखाली आहे, आणि आपल्या हाती येणारे आकडे हे फक्त उघड्यावर झालेल्या सौद्यांचे आहेत.

या मासिक अहवालात सोललेल्या धडाचा दर पौंडामागे दिलेला असतो आणि तो तरुण खोंड, तरुण कालवडी, वयस्क बैल आणि वयस्क गाई अशा वर्गांत विभागलेला असतो. सोबत धडांचे वजन, कापलेल्या जनावरांची संख्या आणि मांसाच्या वेगवेगळ्या तुकड्यांचे घाऊक भाव असतात. खोंड कधी पाठवायचे, या प्रश्नासाठी हा अहवाल उत्तम आहे. खोंडाचे धड सुमारे ६०० पौंड भरते असे धरले, तर पौंडामागे २५ सेंटचा फरक म्हणजे एका जनावरामागे १५० डॉलर होतात, आणि दोन महिने अधिक चारा घालून ते मिळणार आहेत की नाही, हे आपल्या चाऱ्याच्या हिशेबाशी ताडून पाहता येते. परंतु एखाद्या वर्गात महिन्याभरात थोडीच जनावरे आली असतील, तर त्या महिन्याची सरासरी एकाच मोठ्या खरेदीदाराने हलवलेली असू शकते. म्हणून मी एका महिन्याच्या भावावर कधीच बोलत नाही. मी बारा महिन्यांची आणि छत्तीस महिन्यांची सरासरी काढतो, आणि ती काढताना प्रत्येक महिन्याच्या भावाला त्या महिन्यातील जनावरांच्या संख्येप्रमाणे कमीजास्त महत्त्व देतो.

त्याच अहवालात एक आकडा दडलेला असतो, जो आपण स्वतः काढावा लागतो. कापल्या गेलेल्या तरुण जनावरांत कालवडींचे प्रमाण किती, हे दर तिमाहीला मांडून ठेवा. ते प्रमाण वाढत असेल, तर लोक उद्याच्या गाई आज कापत आहेत आणि काही वर्षांनी माल कमी होणार आहे. ते घटत असेल, तर सगळेच कालवडी राखून ठेवत आहेत, आणि आपल्या कालवडीची वासरे विकायला येतील त्याच वेळी इतर सर्वांचीही येतील. माझ्या अनुभवात पुढील भावाचा अंदाज देणारा याहून चांगला आकडा नाही.

हे असे का, ते जनावराच्या शरीरधर्मात आहे. २०२५ च्या मे महिन्यात जन्मलेली कालवड २०२७ च्या उन्हाळ्यात गाभण राहते, २०२८ च्या वसंतात प्रथम विते, आणि तिचे पहिले वासरू खोंड असेल तर ते २०३० च्या शरदात कत्तलीच्या वजनाचे होते. म्हणजे कालवड ठेवण्याचा निर्णय आणि त्यातून निघालेले मांस यांच्यात पाच वर्षे जातात. आजच्या भावाने आपण पाच वर्षांनंतरच्या ताटाचा सौदा करत असतो.

या अंतराने केवढे नुकसान होऊ शकते, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस या भागाने पाहिले आहे. तेव्हा कालवडींचे भाव चढतच होते, कारण त्या विकत घेणारे लोक स्वतःच कळप उभारत होते. एक पैदासकार दुसऱ्याला विकत होता, दुसरा तिसऱ्याला. मांस खाणाऱ्यांची संख्या त्या वेगाने वाढली नव्हती. स्टेकचे तुकडे रेस्टॉरंटांत जात होते, पण धडाचा मोठा भाग खिम्याच्या उपयोगाचा असतो आणि तो शीतगृहांत साचत गेला. २००० नंतर भाव कोसळले, हजारांत विकली जाणारी कालवड काही शे डॉलरांवर आली, आणि साचलेल्या मांसाच्या खरेदीसाठी सरकारला पुढे यावे लागले. त्या काळात कळप विकून बाहेर पडलेल्या माणसांशी मी बोललो आहे, आणि ते आळशी किंवा अडाणी नव्हते. त्यांच्या हाती भावाचे आकडे होते. त्या भावाखाली खाणारा माणूस आहे की दुसऱ्या पैदासकाराची आशा आहे, हे त्यांनी वेगळे करून पाहिले नव्हते.

ते वेगळे करण्यासाठी मी लिलावाचे निकाल वापरतो. आपल्याच राज्यातील कस्टर स्टेट पार्क या सरकारी उद्यानाचा स्वतःचा बायसनचा कळप आहे, आणि त्याचा लिलाव यासाठी विशेष उपयोगी आहे. दर सप्टेंबरअखेरीस तेथे कळप हाकून आणला जातो, आणि किती जनावरे विकायची हे पार्क भाव पाहून ठरवत नाही, तर कुरणावर किती गवत आहे ते पाहून ठरवते. विक्रेता भावाच्या मागे धावत नसल्यामुळे तेथील बोली खरेदीदारांचे मन बऱ्यापैकी स्वच्छ दाखवते. जानेवारीत डेन्व्हरला नॅशनल बायसन असोसिएशनची प्रदर्शनातील विक्री होते, परंतु तेथे निवडक, उत्कृष्ट जनावरे येतात. तो भाव आपल्या कळपाला लावू नये. लिलावातील गाभण कालवडीचा भाव घ्या आणि तीच कालवड मांसासाठी कापली असती तर मासिक अहवालाच्या दराने किती मिळाले असते, ती रक्कम त्याखाली लिहा. दोहोंतील फरक म्हणजे पैदाशीच्या आशेची किंमत. हा फरक दरवर्षी एका वहीत लिहीत गेलात, तर चार-पाच वर्षांत बाजार कोठे उभा आहे हे आपल्याला कोणाला विचारावे लागणार नाही. तो फरक फार रुंदावला असेल तेव्हा मी कालवडी विकण्याचा सल्ला देतो, आणि तो जवळजवळ मिटला असेल तेव्हा ठेवण्याचा.

त्यानंतर हिशेब आपल्या स्वतःच्या आकड्यांवर यावा. केवळ उदाहरणादाखल धरू की कालवड आज १,२०० डॉलरला जाते आणि ती विईपर्यंत आणखी १,००० डॉलर खर्च होतात. शेवटी भाकड गाय म्हणून तिचे ६०० डॉलर परत येतील असे मानले, तर भरून काढायचे राहतात १,६००. वर्षाचा सांभाळ ४०० डॉलर, शंभर गाईंमागे ८० वासरे हाती येतात आणि वासरू सरासरी १,१०० डॉलरला जाते, असे असेल तर वर्षाला ४८० डॉलर सुटतात आणि चौथ्या वासराला रक्कम वसूल होते. वासराचा भाव एक चतुर्थांशाने उतरला, तर वर्षाला २६० डॉलरच सुटतात आणि सातव्या वासरापर्यंत थांबावे लागते. यात व्याज धरलेले नाही. कर्ज असेल तर ते अवश्य धरा. बायसनची गाय पंधरा वर्षांच्या पुढेही विते, त्यामुळे सात वासरे अशक्य नाहीत, परंतु तोवर बँकेचे हप्ते कोठून भरणार, याचे उत्तर आपल्याजवळ असले पाहिजे. आपल्या कळपातील वासरांचे खरे प्रमाण, आपला खरा वार्षिक खर्च आणि छत्तीस महिन्यांची सरासरी या मांडणीत घाला, आणि भाव २५ टक्क्यांनी उतरला तरी हिशेब तग धरतो का, ते पाहा.

एका वर्षी मी स्वतः हे केले नाही. भाव पौंडाला चार डॉलरच्या वर होता, सगळीकडे उत्साह होता, आणि माझ्या तक्त्यात उतरत्या भावाचा रकानाच नव्हता. मी सगळ्या कालवडी ठेवायला सांगितले. पुढे भाव उतरला, २०२० च्या वसंतात रेस्टॉरंटे बंद होऊन स्टेकची मागणी थांबली, आणि त्या कुटुंबाला उत्तम वयाच्या गाई मांसाच्या दराने विकाव्या लागल्या. त्या गाईंची जन्मसाले मला आजही पाठ आहेत. म्हणूनच मी आपल्याला इतके सविस्तर लिहीत आहे.

खिम्याचे आणि स्टेकचे घाऊक भाव म्हणूनच स्वतंत्रपणे पाहावेत. २००२ मध्ये सुरू झालेल्या टेड्स मोंटाना ग्रिलसारख्या रेस्टॉरंटांनी बायसनचे बर्गर लोकांच्या सवयीचे केले, त्याने खिम्याला कायमचे गिऱ्हाईक मिळाले. स्टेक मात्र अजूनही सणावाराचे, बाहेर जेवण्याचे मांस आहे. दोन्ही भाव एकत्र चढत असतील तर मागणी खरी समजावी.

आता गवताबद्दल, कारण आपल्या भागात भावापेक्षा पाऊस अधिक निर्णय घेतो. दुष्काळाचा राष्ट्रीय नकाशा दर गुरुवारी प्रसिद्ध होतो आणि सुक्या गवताचे भाव कृषी खाते वेगळे देते. दुष्काळात चाऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या सरकारी योजनेत बायसनचाही समावेश आहे, त्यासाठी आपल्या काउंटीच्या कार्यालयात जनावरांची आणि कुरणाची नोंद वेळेवर करून ठेवा. आपण चाळीस जनावरांवर आहात. लिलावाच्या आधी ऑक्टोबरात गंजीतील गवत मोजा, त्याला जनावरांच्या संख्येने आणि एप्रिलअखेरपर्यंतच्या दिवसांनी भागा, येणारा आकडा एका जनावराच्या रोजच्या गरजेशी ताडून पाहा, आणि जितक्या जनावरांना ते पुरत नाही तितक्या कालवडी, वर लिहिलेला हिशेब काहीही सांगत असला तरी, याच शरदात विकून टाका.