मूळ कागद परत देऊ नका

रायगड जिल्ह्यातील एका कातकरी वाडीतून आलेल्या तरुणाचे पत्र समोर आहे, आणि अशा आशयाची पत्रे दरवर्षी पावसाच्या तोंडावर येतात. आई-वडिलांनी मागच्या पावसाळ्यात वीटभट्टीच्या मालकाकडून 40,000 रुपयांची उचल घेतली. दिवाळीनंतर बारा वर्षांच्या धाकट्या भावासह ते भट्टीवर गेले. मुलाची शाळा सुटली आणि तो कच्च्या विटा उलटायला व वाहायला लागला. शहरात नोकरी करणाऱ्या पत्रलेखकाने फेब्रुवारीत मालकाला 15,000 रुपये दिले आणि भावाला आपल्याकडे आणले. त्या वेळी स्टॅम्पपेपरवर असे लिहून दिले की, उरलेले 25,000 रुपये फिटेपर्यंत आई-वडील भट्टी सोडणार नाहीत आणि भाऊ जितके दिवस कामावर होता त्याची मजुरी मागितली जाणार नाही. कागदावर मालकाचीही सही आहे. आता मालक म्हणतो की मूळ कागद परत द्या, बाकी रक्कम माफ करतो. इकडे महापालिकेच्या शाळेत जुनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावाचून प्रवेश नाही आणि मिळाला तरी चौथीत बसवू, असे सांगितले जाते. तडजोड स्वीकारावी का, असा प्रश्न आहे.

स्वीकारू नये. कोणताही सल्ला न घेता त्या कागदावर सही करणे हा निष्काळजीपणा होता आणि त्यानंतर महिनोन्‌महिने गप्प बसणे हा त्याहून मोठा. तरीही मूळ प्रत तुमच्याकडे राहिली, हे तुमचे नशीब. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 च्या कलम 5 प्रमाणे असा करार निरर्थक असल्यामुळे तो तुम्हाला बांधत नाही. मात्र पुरावा म्हणून तो जिवंत आहे, कारण उचल दिली, त्या उचलीपोटी माणसे अडकवून ठेवली आणि एक मूल कामावर होते, या तिन्ही गोष्टी मालकाने स्वतःच्या सहीने कबूल केल्या आहेत. एरवी मालक पहिल्याच तारखेला सांगतो की हे लोक राजीखुशीने आले होते आणि उचल ही केवळ आगाऊ मजुरी होती. याच कायद्याच्या कलम 15 नुसार, हे वेठबिगारीचे कर्ज नव्हते हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नसून धनकोवर, म्हणजे इथे मालकावर असतो, आणि बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली हीच दिशा आणखी स्पष्ट केली. हा भार पेलणे मालकाला ज्या कागदामुळे अवघड जाणार आहे, तोच कागद तो 25,000 रुपयांना विकत घेऊ पाहतो आहे.

दुसरा निर्णायक मुद्दा वेळेचा आहे. फौजदारी कारवाईला तीन वर्षांची मुदत असते, असे कुणीतरी तुम्हाला सांगितले आणि तुम्ही निर्धास्त झालात. या कायद्यातील तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांपुरते ते बरोबरही आहे, पण भट्टीला तीन वर्षांची मुदत नसते. पहिला पाऊस पडला की भट्टी थंडावते, कुटुंबे आपापल्या वाड्यांवर परततात, मालकाची हिशेबाची वही सापडत नाही आणि चौकशीला गेलेला अधिकारी मोकळे मैदान पाहून ‘तथ्य आढळले नाही’ असा अहवाल लिहितो. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे. भट्टी चालू असताना पाहणी व्हावी, आई-वडिलांचे जबाब मालक आणि मुकादम यांच्यापासून दूर नोंदवले जावेत आणि तिघांनाही मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटका झाल्याचा सरकारी कागद, मिळावे, अशी स्पष्ट मागणी त्यात असावी. भाऊ आज भट्टीवर नाही म्हणून त्याचे नाव अर्जातून वगळू नका. आई-वडिलांना गुपचूप घेऊन येण्याचा मोहही टाळा, मात्र त्यांच्या जिवाला धोका असेल तर थेट 112 वर पोलिसांना बोलवा.

मुक्ती प्रमाणपत्रावाचून केंद्राच्या पुनर्वसन योजनेचे दार उघडत नाही. त्या योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख आणि महिला व मुलांना दोन लाख रुपयांची तरतूद आहे. खटल्याचा निकाल लागलेला नाही एवढ्याच कारणाने प्रस्ताव अडवता येत नाही. रक्कम प्रत्यक्ष हातात कधी पडेल, याची हमी मी देणार नाही. खटल्याकडूनही फार आशा ठेवू नका, कारण मूळ कायद्यात दंडाची कमाल रक्कम दोन हजार रुपये आहे आणि दंड वसूल झालाच तर मजुराला दिवसाला पाच रुपये द्यावेत असे कलम 18 सांगते. तुम्ही दिलेले 15,000 रुपये कलम 9 खाली परत मागावेत. ते कलम कायदा येण्यापूर्वीच्या जुन्या कर्जांपुरतेच आहे, असा युक्तिवाद मालकाचा वकील करील. मला तो टिकेलसे वाटत नाही, तरी निकालाबद्दल पैज लावणार नाही.

मालक अनुसूचित जाती-जमातींपैकी नसेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 3(1)(ज), म्हणजे वेठ किंवा वेठबिगारी करायला लावण्याचा गुन्हा, लागू होऊ शकते आणि कलम 18अ मुळे गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नसते. जातीचा दाखला नसेल तर त्यासाठी आजच अर्ज करा.

आता शाळा. तुम्ही हा प्रश्न पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकला आहे, पण माझ्या मते प्रकरणाचा अर्धा पुरावा तिथेच आहे. मुलगा आई-बापाला हातभार लावत होता, हा मालकाचा ठरलेला बचाव असतो. बालकामगार कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीने कुटुंबाच्या स्वतःच्या कामात मदत करण्याची मुभा ठेवली आहे, मात्र तीही शाळा सुटल्यानंतर किंवा सुट्टीत. भट्टी मुळात या कुटुंबाची नाही, आणि दिवाळीनंतर सलग गैरहजेरीच्या खुणा असलेला वाडीच्या शाळेचा हजेरीपट उरलासुरला बचावही संपवतो. त्या हजेरीपटाची साक्षांकित प्रत मुख्याध्यापकांकडून लेखी अर्ज करून घ्या, आणि ‘स्थलांतरित’ असा एका शब्दाचा शेरा मारलेल्या कागदावर समाधान मानू नका.

प्रवेशासाठी या कशाचीही वाट पाहायची नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 नुसार शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही आणि कलम 14 नुसार वयाच्या पुराव्याअभावीही नाही. कलम 4 प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते, म्हणजे चौथीत नव्हे, सहावी-सातवीच्या आसपास. मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळते आणि चौदा वर्षे उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफतच राहते. मुख्याध्यापक नकार देत असतील तर तो लेखी मागा. बहुतेक वेळा तो लेखी दिला जात नाही आणि प्रवेश होतो.

वकिलाच्या फीची चिंता पत्रात आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि वेठीच्या पीडिताला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाताना स्टॅम्पपेपरची झेरॉक्स सोबत ठेवा, मूळ प्रत घरीच असू द्या, आणि प्रांत कार्यालयातील अर्जावर तारीख व शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.