पाखरांची विचारपूस : पाच पावसाळे पिल्लूच?

कुडाळहून एक वाचक लिहितात : आमच्या काजूच्या बागेत जून लागल्यापासून दोन काळे पक्षी दिसतात. एक विजेच्या तारेवर बसून किडे मारतो, तो कोतवाल हे मला कळतं. दुसराही तसाच, दुभंगल्या शेपटीचा, पण वाळक्या फांदीवर तासभर नुसता बसून असतो. शेपटीखाली पांढरं काहीतरी दिसतं. मुलगा म्हणतो, कोतवालाचं पिल्लू. खरं काय?

मुलाला हसू नका, ताई. मी टपाल खात्यात होतो तेव्हा सावंतवाडीच्या आसपासच्या वाड्यांवर सायकलने टपाल वाटायचो. पिशवीत पत्रांबरोबर एक वही असायची. त्या वहीत एकाच आईनाच्या झाडापुढे मी ओळीने पाच पावसाळे लिहिलंय, 'कोतवाल, पिल्लू.' पाच वर्षं पिल्लू पिल्लूच कसं राहिलं, हा प्रश्न काही मला पडला नाही. सहाव्या वर्षी जुलैत, पाऊस जरा उघडला म्हणून त्याच झाडाखाली रेनकोट झटकत होतो, तर वरच्या 'पिल्ला'ने चोच उघडली. पी, पी, पी, पी, पी, पी. एकेक सूर आधीच्यापेक्षा वरचा, जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखा. कोतवालाच्या सात पिढ्यांत असं कोणी गायलेलं नाही. तो होता कोतवाल-कोकीळ. जात कोकिळेची, सोंग कोतवालाचं. घरी जाऊन लाल शाईने पाच नोंदी खोडल्या. बायकोने विचारलं, कुणाचे मार्क कापताय?

तुमच्याकडचाही तोच असणार. तरी खात्री करून घ्या, कारण मुलाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. कोतवालाच्या पिल्लाच्या पोटावर पांढरट खवले असतात, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. पिल्लाचे खवले पोटावर विस्कटलेले दिसतात. कोतवाल-कोकिळाचे पांढरे पट्टे शेपटीच्या बुडाखाली असतात, आडवे, पट्टीने आखल्यासारखे. ते बघायला पाखराच्या अगदी खाली जाऊन मान मोडावी लागते. तेवढी मोडा.

मग चोच. कोतवालाची दणकट, बुडाशी राठ केस. पुष्कळ मोठ्या कोतवालांच्या चोचीच्या कोपऱ्याशी एक पांढरा ठिपकाही दिसतो. कोतवाल-कोकिळाची चोच बारीक, टोकाला किंचित वाकलेली. आणि वागणं तर तुम्हीच लिहिलंय. तारेवरून झेपावायचं, हवेतला किडा पकडायचा, परत त्याच जागी येऊन बसायचं, ही कोतवालाची रीत. याचं लक्ष पानांतल्या सुरवंटांवर. पावसाळा ओसरला की गाणं थांबतं, आणि मग समोर बसलेला असूनही हा कुणाला दिसत नाही. आत्ताच, पहाटेच्या अंधारात कान देऊन ठेवा.

एक लक्षात असू द्या. हिवाळ्यात तुमच्याकडे राखी कोतवाल येईल, लाल डोळ्यांचा. आणि भृंगराज, हाही कोतवालाचाच भाऊबंद, त्याच्या शेपटीच्या दोन लांब काड्या गळून गेल्या की तोही साध्या कोतवालात खपून जातो. त्याच्या चोचीच्या बुडाशी केसांचा झुपका असतो, तो बघावा. हा भृंगराज नकलाकार म्हणून नावाजलेला. सर्पगरुडाची आरोळी हुबेहूब काढतो. मोबाइलवरचं अ‍ॅप 'सर्पगरुड' म्हणालं म्हणून आभाळात शोधत बसू नका.

वाळपईहून एक वाचक : परसातल्या जास्वंदीवर मध प्यायला शिंजिरांच्या, म्हणजे त्या इवल्या बाकदार चोचीच्या पाखरांच्या, माद्या येतात. सगळ्या सारख्याच पिवळट. चार फोटो पाठवते आहे. कुठली कोण?

नर शिंजीर ओळखायला कोणालाही येतो, परीक्षा असते ती मादीची. तुमच्या पहिल्या दोन फोटोंत गळा राखी-पांढरा आणि त्याखाली छाती स्वच्छ पिवळी, मधली सीमा ठळक. ही जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराची मादी. (पुठ्ठा म्हणजे शेपटीच्या वरचा पाठीचा भाग.) तिसऱ्यात गळ्यापासून पोटापर्यंत एकच फिका पिवळा रंग आहे आणि डोळ्यावर पुसट भुवई. ही जांभळ्या शिंजिराची. (अशाच पिवळ्या पाखराच्या गळ्यापासून छातीवर काळी रेघ ओढलेली दिसली, तर मादी नव्हे, विणीचा वेष उतरवलेला नर समजा.) भुवई अजिबात नाही आणि चोच बघताक्षणी 'अबब, केवढी लांब' असं वाटलं, तर लोटनचा शिंजीर.

चौथा फोटो चांगला आहे, पण समोरून काढलाय. मला हवी पाठ. तुम्ही सत्तरी तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी राहता. तुमच्याकडे किरमिजी पाठीचा छोटा शिंजीर येणारच. जेमतेम आठ सेंटिमीटरचं हे पाखरू सह्याद्रीच्या रांगेबाहेर जगात कुठे नाही. त्याच्या मादीच्या पुठ्ठ्यावर लाल डाग असतो, पंख मिटलेले असले की झाकला जातो. फुलावर लटकताना पंख जरा सुटले की झळकतो. जास्वंदीपेक्षा स्वयंपाकघराच्या खिडकीतून, वरच्या बाजूने बघता आलं तर काम सोपं होईल.

पुण्याचा एक विद्यार्थी : सिंहगडाच्या दरीत डिसेंबरात पर्णवटवट्या दिसला. मित्र म्हणतो हिरवट, अ‍ॅप म्हणतं दुसराच. रेकॉर्डिंग जोडलं आहे.

बाबा रे, तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये मला दोन मोटारसायकली आणि कणीसवाला ओळखता आला. पक्षी नाही.

तरी सांगतो. पर्णवटवटे म्हणजे पानांत किडे टिपणारी इवली पाखरं; हे सगळे सप्टेंबरच्या सुमाराला उत्तरेकडून येतात आणि एप्रिलच्या आसपास परततात. पंखावर एक बारीक फिकी रेघ, फिकी भुवई आणि पानांत सतत 'ची-विट' चाललेलं असेल तर हिरवट पर्णवटवट्या, पुण्याकडे तोच जास्त. पण तू लिहिलंस की पाखरू 'दगडावर उंदरासारखं पळत होतं'. मग पंखावर रेघ होती का, ते आठव. नसेल, अंग तपकिरी, पोट पिवळं आणि भुवई नारिंगीकडे झुकणारी असेल, तर तो गंधकी पोटाचा पर्णवटवट्या. खडकांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर हिंडणारा हाच. सिंहगडाच्या दरीत तो हिवाळ्यात नेमाने येतो.

आठवत नसेल तर वहीत 'पर्णवटवट्या' एवढंच लिही. माझ्या वहीत अशा नोंदींची तीन पानं आहेत. पुढच्या खेपेला सकाळी सातच्या आत, कणीसवाला यायच्या आधी जा.