पालकातलं लोह नेमकं किती?

प्रश्न : ताई, घरच्यांच्या आहाराचा हिशोब मांडायला बसले आणि पालकातलं लोह बघायला दोन तक्ते उघडले, तर एकातला आकडा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. त्यात जो तो म्हणतो जमिनीचा कस गेला, भाजीत आता काही राहिलं नाही. सेंद्रिय घेतलं की प्रश्न मिटतो का?

उत्तर : दोन्ही तक्ते खरे असू शकतात, तेव्हा आधी कुणालाच खोटं ठरवू नका. पालकाच्या ताज्या पानात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पान थोडं सुकलं की तेवढ्याच १०० ग्रॅममध्ये पाणी कमी नि पान जास्त, मग आकडा आपोआप चढतो. एका तक्त्यात पाणी ९१ आणि दुसऱ्यात ८५ असेल तर सुका भाग ९ ग्रॅम आणि १५ ग्रॅम झाला ना, म्हणजे फरकाचा मोठा हिस्सा तिथंच सापडला.

दुसरी गोष्ट माती. मी लॅबमध्ये काम करते, आणि पालक आला की सगळ्यात जास्त वेळ तो धुण्यातच जातो, कारण पानाच्या मागं आणि देठाच्या खोबणीत बारीक धूळ बसलेली असते आणि मातीत लोह पानापेक्षा कितीतरी जास्त असतं. सुकवलेलं पान ५५० अंशांच्या भट्टीत जाळायचं, राख आम्लात विरघळवायची, आणि तळाशी वाळूचे कण दिसले की समजायचं आपण भाजीचं नाही, शेताचं लोह मोजत होतो. असा नमुना मी परत करायला घेते, मग कितीही उशीर होवो.

आता जमिनीचा कस. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि तिथं जुन्या गव्हाचे आणि मातीचे नमुने जपून ठेवलेत. ते तपासल्यावर दिसलं की साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातलं जस्त, लोह, तांबं, मॅग्नेशियम टिकून होतं आणि नंतर घसरलं, पण मातीत ते कमी झालेलं नव्हतं! बदललं होतं ते वाण. बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या जाती आल्या, दाणा स्टार्चनं भरला आणि खनिजं जास्त धान्यात वाटली गेली. म्हणून 'जमीन मेली' हे एकच कारण सगळीकडे लावलेलं मला पटत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवून केलेल्या प्रयोगांतही गहू-तांदळातलं जस्त, लोह आणि प्रथिनं घटलेली दिसलीत.

पण शेती कशी करतो यानं फरक पडतो, आणि ते मी मनापासून सांगते. मुळांवर राहणारी एक बुरशी दूरवरचं जस्त झाडापर्यंत आणून देते, आणि फॉस्फेट खताचा मारा झाला की तिचं मुळांशी असलेलं नातं सैल पडतं. मातीतच कमी असेल तर नुसत्या शेणखतानंही भागेलच असं नाही. तुर्कस्तानात जस्त कमी असलेल्या जमिनीत खतातून जस्त दिलं तर गव्हाचं उत्पादन वाढलं आणि दाण्यातलं जस्तही, फिनलंडनं १९८० च्या दशकात खतात सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं एक खनिज) मिसळायला लागून लोकांच्या रक्तातलं सेलेनियम वाढवलं.

सेंद्रियबद्दल म्हणाल तर २०१४ साली ३४३ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात सेंद्रिय पिकांत पॉलिफेनॉल (वनस्पतीतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) जास्त, कॅडमियम हा विषारी धातू कमी, पण प्रथिनंही कमी निघाली. जमिनीसाठी, पाण्यासाठी घेत असाल तर जरूर घ्या, लोहासाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. नत्र खताचा अतिरेक झालेल्या पालेभाजीत आणखी एक गंमत होते. प्रथिनांचा आकडा नत्र मोजून त्यावरून काढतात, आणि पान जाळून सगळं नत्र मोजायची पद्धत वापरली तर नायट्रेटमधलं, म्हणजे प्रथिन न झालेलं नत्रही प्रथिनांच्या खात्यात जमा होतं आणि भाजी कागदावर उगाच पौष्टिक दिसते.

तर तुमच्या दोन्ही तक्त्यांतला पाण्याचा रकाना आधी बघा, मग किती नमुने घेतलेत ते. जिथं हे दोन्ही दिलेलं असेल तो तक्ता धरा आणि सगळा हिशोब त्याच एकावर करा.